साचे, सही आणि बुरशी

पेणचा इतिहास जपायचा म्हटलं की पहिलीच अडचण अशी, की या गावाचा सगळ्यात नामांकित उद्योग पाण्यात सोडायच्या वस्तू बनवण्याचा आहे. कारागीर महिनोन्‌महिने माती मळतो, डोळ्यांची आखणी करताना श्वास रोखून बसतो, आणि भाद्रपदात त्याचं उत्तमातलं उत्तम काम दीड दिवसात विरघळायला निघतं. संग्रहालयात ठेवायचं काय? मागे राहतो साचा. हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यांत असा एखादा जुना साचा आतून जरूर बघावा. बाप्पा उलटे, सोंड आत गेलेली, पोटाच्या जागी खोल खड्डा. पण सिंहासनाची घडण, बसायची ऐट, कुठल्या काळात कुठल्या सिनेमाची छाया पडली, सगळं त्या खड्ड्यात वाचता येतं. फोटोही असतात म्हणा. त्यांत गिऱ्हाईक ठळक, मूर्ती त्याच्या खांद्यामागे, आणि रंगवणारा फ्रेमच्या बाहेर.

इथल्या मिठागरांची तऱ्हा आणखी वेगळी. जे मीठ जगाचं लोणचं टिकवतं, ते स्वतःच्या मालकाचा लोखंडी तराजू मात्र खाऊन टाकतं.

घरातल्या फोटोंवर कोकणचा पावसाळा कडक संपादकासारखा बसलेला असतो. आधी कडा कापतो, मग नातेवाईक. स्टुडिओतली नक्षीदार खुर्ची तेवढी शाबूत ठेवतो, कारण ती सगळ्यांच्याच फोटोत आहे. मधे पगडीवाले पुरुष, कडेला अर्धी काकू. मागे ‘जि. कुलाबा’ असा शिक्का असला तर आनंद मानावा, कारण जिल्ह्याचं रायगड झालं 1981मध्ये, म्हणजे फोटो बहुधा त्याआधीचा. बुरशीतून जे वाचलं, त्याला पूर होताच. जुलै 1989मध्ये आंबा नदी नागोठण्यात शिरली, तेव्हा तिने कुणाचा आल्बम आहे हे विचारलं नाही.

याच जिल्ह्यातल्या रोह्याचा एक ठेवा मात्र रिझर्व्ह बँकेनेच छापून देशभर वाटला. चिंतामणराव देशमुखांचं मूळ घर रोह्याचं. 1943मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि त्या काळच्या नोटांवर चेहरा सहाव्या जॉर्ज बादशहाचा, सही आमच्या देशमुखांची! अशी नोट एखाद्या पोथीत दडलेली निघते तेव्हा घरात दोन तट पडतात. तरुण मंडळी तिचा आजचा भाव मोबाईलवर शोधतात. म्हातारी मंडळी ती खर्च न करता ठेवणाऱ्याला वेडा ठरवतात. पाच रुपयांत तेव्हा काय काय यायचं, याची यादी सुरू होते. माझ्या मते नोटेपेक्षा ती यादी लिहून घ्यावी.

आणि निम्मा ठेवा तर इथे नाहीच. पेण, रोहा, अष्टमी इथले बेने इस्राएल ज्यू, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, स्वतंत्र इस्राएल झाल्यावर हळूहळू तिकडे गेले. जाताना पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं नेली, मराठी नेली (तिकडे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही काढलं), आणि फोटो तर नेलेच असणार. मला दाट संशय आहे, की जुन्या अष्टमीतली एखादी ओटी, तिच्यावरच्या माणसांसकट, आज इस्राएलमधल्या डिमोनाच्या वाळवंटी हवेत ठणठणीत असेल. इथे आपण सिलिका जेलच्या पुड्या शोधत बसलोय.

स्कॅनर सगळ्यांकडे आलाय. चेहरे ओळखणारी माणसं कमी होत चाललीत. म्हणून फोटो आधी न्यावा तो गावातल्या ऐंशीच्या पुढच्या दोन बायकांकडे, आणि दोघींना एकाच वेळी बसवावं. एकटी असली की ती “असेल कुणीतरी” म्हणून सोडून देते. दोघी असल्या की “ही वारूणकरांची थोरली” आणि “छे, तिचे कान असे नव्हते” असं सुरू होतं आणि त्या कानांवरून तीन घरांची लग्नं, एक भाऊबंदकी आणि विकलेली खाजण जमीन बाहेर येते. आपण फक्त मऊ पेन्सिल हातात धरून बसायचं, निकाल लागेपर्यंत फोटोमागे काही लिहायचं नाही, आणि दुसऱ्या चहाला नाही म्हणायचं नाही.