टर्मिनलकर

सिंगापूरच्या सेंगकांगात संगणकवाले मराठी तीन तऱ्हेचे. बँकेत काम करणारे, बँकेचं काम करणाऱ्या कंपनीत काम करणारे, आणि टर्मिनलकर. पहिल्या दोघांतला फरक गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगावरून कळतो. टर्मिनलकर मात्र कुठल्याही कंपनीत असोत, ते आधी टर्मिनलकर असतात, नोकरी नंतर. मूळ आडनाव कुलकर्णी, पवार, शेट्ये काहीही असेल. गाव सांगलीपासून नागपूरपर्यंत कुठलंही असेल. हे आडनाव त्यांना लॅपटॉपवरच्या टर्मिनलने, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीने दिलेलं आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सॉफ्टवेअर कंपनीत काम कुणी तोंडी सांगत नाही. ‘लॉगिनचं बटण दाबलं की पान पांढरं पडतं’ एवढीशी तक्रारही तिकीट होऊन येते. तिला नंबर मिळतो, कुणाच्या तरी गळ्यात ती पडते, आणि ‘करायचंय’, ‘चालू आहे’, ‘झालं’ अशा रकान्यांतून सरकत राहते. ही तिकिटं सांभाळायला सिडनीच्या अटलासियनने २००२ मध्ये जिरा काढलं. त्याआधी १९९८ पासून मोझिलाचं बगझिला होतंच. सामान्य माणूस जिरा ब्राउझरमध्ये उघडतो, पान येईपर्यंत एक जांभई देतो, आणि माउसने कार्ड धरून शेजारच्या रकान्यात सोडतो.

टर्मिनलकरांना हे बघवत नाही. “कार्डं कसली ओढता? ऑफिसात पत्ते कुटायला येतो का आपण?” ते काळ्या खिडकीत ‘जिरा इश्यू लिस्ट’ एवढंच टाइप करतात आणि एंटर मारतात. तिकिटांची यादी ओळीने हजर. जे दाबलं की खाली, के दाबलं की वर. खरं सांगायचं तर यात तथ्य आहे. कुणाचे गोल फोटो नाहीत, लाल ठिपके नाहीत, साहेबांनी टाकलेला रॉकेटचा इमोजी नाही. काम काय, कुणाचं, कुठवर आलं, एवढंच दिसतं. पण टर्मिनलकर तथ्यापाशी थांबत नाहीत.

आमच्या टर्मिनलकरांकडे जेवायला गेलं की वरणभातावर तूप पडायच्या आत जे आणि के यांचा इतिहास सुरू होतो. बिल जॉयने १९७६ च्या सुमाराला व्हीआय हा मजकूर-संपादक लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, आणि त्या यंत्रावर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल याच चार अक्षरांवर छापलेल्या होत्या, म्हणून आजही खाली जायला जे. हे सांगताना उजव्या हाताची चार बोटं ताटाच्या कडेवर चालतात. वहिनी ती बोटं उचलून पोळीवर ठेवतात आणि म्हणतात, “आता खाली पोळी आहे. जे दाबा.”

सिंगापुरातली एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली आहे, ती म्हणजे कोपीटियमची, इथल्या कॉफीच्या दुकानाची, ऑर्डर. कोपी म्हणजे कंडेन्स्ड दूध घातलेली कॉफी. ओ लावलं की दूध गेलं, कोसोंग लावलं की साखरही गेली, पेंग लावलं की बर्फ आला. “बघा, मूळ आज्ञा एक आणि पुढे पर्याय. मेनू उघडायची गरज नाही, फोटोवर बोट ठेवायची गरज नाही. या अंकलने युनिक्स शिकवावं.” अंकल मात्र यांच्या मागच्या रांगेकडे बघत असतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे व्याख्यान रांगेत उभं राहूनच ऐकावं लागतं, आणि शेवटी पाहुणे चहा मागतात.

सेंगकांगची एलआरटी रेल्वे विनाचालक आहे. पूर्व आणि पश्चिम अशी दोन वर्तुळं, आणि दोन्ही फिरून सेंगकांग स्टेशनातच येतात. तिथून मेट्रोची जांभळी लाइन. सकाळी रुंबिया स्टेशनात गाडीत चढलं की टर्मिनलकर एका हाताने दांडा धरतात आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवरून घरच्या यंत्रात शिरतात. फोनवर तीच काळी खिडकी. तिकिटांचा तक्ता अर्थातच त्या रुंदीत मावत नाही. ‘प्राधान्य’ हा रकाना मोडून खालच्या ओळीत जातो, त्यामुळे एका तिकिटाचं ‘अतितातडीचं’ दुसऱ्याच तिकिटाच्या कपाळी बसल्यासारखं वाचलं जातं. सकाळी भलतंच काम हातात घेऊन ते ऑफिसात पोचतात ते यामुळे. शेजारची आंटी त्या पडद्याकडे एकदा बघते आणि आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेते.

खरी पंचाईत होते ती चित्रांची. पुण्याच्या ऑफिसातली डिझायनर मुलगी तिकिटात लिहिते, ‘बघा हे किती वाईट दिसतंय’, आणि खाली स्क्रीनशॉट जोडते. काळ्या खिडकीत उमटतं फक्त फाइलचं नाव. टर्मिनलकर उत्तर टाकतात, ‘माझ्याकडे वाईट दिसत नाही’, आणि तिकीट बंद करतात. यात एक अक्षरही खोटं नसतं. ती तिकीट पुन्हा उघडते आणि या वेळी बाणाने खूण केलेला स्क्रीनशॉट जोडते. आता दोन फाइलींची नावं दिसतात. सिंगापूरचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असल्यामुळे पुण्याची सकाळी दहाची मीटिंग इथे साडेबाराला, म्हणजे नेमकी डबा उघडायच्या वेळी असते. तिथे हा वाद रोज अर्धा डबा खातो.

घरातली कामंही तिकिटं करून ठेवलेली आहेत. ‘घर-३१: न्हाणीघरातला नळ ठिबकतो. प्राधान्य: मध्यम.’ टर्मिनलकर न्हाणीघरात गेले, नळासमोर उभे राहिले, त्या वेळी तो ठिबकला नाही. ‘पुन्हा घडवून दाखवता आलं नाही’ असा शेरा मारून तिकीट बंद. वहिनींना या यंत्रणेत प्रवेश नाही. त्यांनी मागितलाही नाही. त्यांचं स्वयंपाकघरातून आलेलं “अहो!” कुठल्याही चाळणीत अडकत नाही, त्याला नंबर लागत नाही, आणि ते ‘नंतर बघू’ या रकान्यात ढकलता येत नाही. नळ त्या “अहो”ने दुरुस्त झाला. घर-३१ नोंदीत मात्र अजून ‘घडवून दाखवता आलं नाही’ असंच आहे.

शनिवार जातो खिडकीची मशागत करण्यात. अक्षराचा टाइप, पार्श्वभूमीचा काळा (काळे अनेक असतात, हे मला त्यांच्याकडून कळलं), तिकिटांच्या यादीत ‘तातडीचं’ कुठल्या तांबड्यात दिसावं, सगळं मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं आणि त्या फाइलींची प्रत्येक दुरुस्ती जपून ठेवलेली असते. या आटापिट्याने एका तिकिटामागे काही सेकंद वाचतात. त्या सेकंदांचा आणि शनिवारांचा ताळेबंद मांडायला सुचवलं, तर ते विम हा आपला मजकूर-संपादक उघडून दाखवतात. विम कोरा उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याचं आवाहन दिसतं. ब्राम मोलेनारने १९९१ मध्ये विम बाहेर काढला, पुढे पैसे मागितले ते या मुलांसाठी, आणि २०२३ मध्ये तो गेला तरी आवाहन तिथेच आहे. हे सांगताना टर्मिनलकरांचा आवाज बदलतो. पैसेही ते पाठवतात. मग सेकंदांचा विषय कुणी काढत नाही.

इथे जाता जाता सांगायला हवं की सेंगकांगात सगळंच कंपास आहे. मॉलचं नाव कंपास वन, शेजारची वस्ती कंपासवेल, आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून नोकरीच्या पासाची गुणपद्धत, तिचंही नाव कंपास. पगार, पदवी वगैरेंचे मिळून चाळीस गुण जमावे लागतात. माउसला हात न लावण्याचे त्यात गुण नाहीत. टर्मिनलकरांना ही त्रुटी वाटते.

त्यांचा कस लागला तो गणपतीत. आमच्या आसपासची दहाबारा मराठी घरं मिळून उत्सव करतात, आणि एका वर्षी त्याची व्यवस्था टर्मिनलकरांकडे दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काळ्या पडद्याचं छायाचित्र आलं. ‘गण-३: खोबरं. गण-७: उकडीचे मोदक, गण-३ वर अवलंबून. गण-८: नैवेद्य, गण-७ वर अवलंबून.’ चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बैठकीत टर्मिनलकरांनी गंभीरपणे जाहीर केलं की नैवेद्य अडला आहे, कारण गण-३ कुणी उचललेलंच नाही.

“खोबरं कालपासून माझ्या फ्रीजमध्ये आहे,” वहिनी म्हणाल्या.

“पण तसं तिकिटावर दिसत नाही.”

“मग तिकिटाचे मोदक करा.”

त्याच बैठकीत एका घरच्या, पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या मुलाने, टर्मिनलकर काका चहा आणायला उठले असताना, त्यांच्याच लॅपटॉपवर त्यांनी आजवर दिलेल्या आज्ञा मोजून काढल्या. एक ओळ लिहिली की यंत्र हे मोजून देतं, आणि ती ओळ त्याला काकांनीच शिकवली होती. सगळ्यात जास्त वेळा दिलेली आज्ञा वर आली: ‘जिरा ओपन’. म्हणजे काय, असं बायकांनी विचारलं. तिकीट ब्राउझरमध्ये उघडण्याची आज्ञा, असं पोराने सांगितलं. खोलीत क्षणभर शांतता, मग जे हसू फुटलं त्यात वहिनी आघाडीवर. टर्मिनलकर ट्रे घेऊन दारात उभे. चेहऱ्यावर ओशाळलेपणाचा लवलेश नाही.

“पण उघडला कुठून? टर्मिनलमधूनच ना?”

डिझायनरची तिकिटं शेवटी सुटतात ती अशी, चित्र ब्राउझरमध्ये बघून.

एवढं सगळं असूनही उत्सवाचा हिशेब पहिल्यांदाच जुळला तो त्या वर्षी. वर्गणी, फुलं, मुस्तफाच्या दुकानातून आणलेलं सामान, सगळं त्यांनी साध्या मजकुराच्या फाइलीत मांडलं होतं आणि लेजर नावाच्या आज्ञेने बेरीज काढली होती. सिंगापुरात एक सेंटचं नाणं २००२ पासून नव्याने निघत नाही आणि रोखीत रक्कम जवळच्या पाच सेंटांवर आणतात, तरी यांच्या वहीत शेवटचा सेंट जागच्या जागी होता. मागची काही वर्षं आम्ही शिल्लक अंदाजाने सांगत होतो आणि सगळे अंदाजानेच टाळ्या वाजवत होते.

तेव्हा परदेशातल्या मराठी मंडळांना अनुभवाची एक सूचना. टर्मिनलकर तुमच्याकडेही असणार. त्यांना सचिव करू नका, मोदक अडतील. खजिनदार करा.