तीन टक्क्यांचं व्रत

गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी. कर्ज काढून सण-लग्नं करू नका, हे बाबा कीर्तनातून जन्मभर सांगत आले. सरकारच्या कानावर ते जरा उशिरा गेलं. 2005 साली महाराष्ट्राने वित्तीय शिस्तीचा कायदाच केला: महसुली तूट संपवायची आणि राजकोषीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांत ठेवायची.

10 मार्च 2025 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट होती 45,891 कोटी. राजकोषीय तूट एक लाख छत्तीस हजार कोटींच्या वर. पण तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे व्रत मोडलेलं नाही! उपासाला साबुदाण्याची परात चालते, तसंच हे.

विरोधकांनी राज्य कर्जात बुडाल्याचा गळा काढला. याच मंडळींनी 2024 च्या निवडणुकीत बहिणींना दरमहा 3000 देऊ केले होते. सत्ताधारी त्या मानाने काटकसरी; ते 2100 वर थांबले आणि निकालानंतर ‘लाडकी बहीण’ योजनेच्या आधीच्या 1500 वरच राहिले. वित्तीय शिस्त म्हणतात ती हीच असावी.

इकडे वलगावचा शेतकरी पीककर्ज मागायला गेला की बँकेला आधी त्याचा सिबिल स्कोअर पाहायचा असतो. "मंग बाप्पा, सरकारचा सिबिल कोन पायते?" मतदार पाहतो, भाऊ. फक्त त्या दिवशी तो आधी स्वतःचं पासबुक पाहतो.