गुडघेदुखीवर एक जाड पुस्तक

पुस्तकं सुचवणाऱ्यांत आमच्या डार्क फँटसीवाल्यांइतकी कोडगी जमात दुसरी नाही. बाकीचे म्हणतात, ‘वाच, छान आहे.’ आम्ही म्हणतो, ‘पहिली तीनशे पानं सोस, मग बघ!’

स्टीव्हन एरिक्सनची मलाझान मालिका घ्या. १९९९ ते २०११ या काळात दहा ठोकळे. पहिल्या ‘गार्डन्स ऑफ द मून’मध्ये नकाशे आहेत, पात्रांची यादी आहे, शब्दार्थसुद्धा आहेत, तरी भलत्याच कार्यालयात शिरून पंगतीला बसल्यासारखं वाटतं. सगळे एकमेकांना ओळखतात, आपल्याला कुणी काही सांगत नाही, पण ताट वाढलेलं असतं म्हणून उठवत नाही.

शिवाय मालिका पुरी होईलच याची हमी नाही. रॉबर्ट जॉर्डन २००७मध्ये गेले, तेव्हा ‘व्हील ऑफ टाइम’ लटकली होती. ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३मध्ये चौदाव्याला गाडा संपवला. तेव्हापासून जॉर्ज मार्टिन यांचं वय आम्हाला सख्ख्या काकांच्या वयापेक्षा जास्त पाठ. त्यांचा पाचवा खंड २०११चा. त्या साली बालवाडीत गेलेली पोरं बारावी झाली, सहाव्याची आपली वाटच.

तर मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने ‘जाडसं काहीतरी’ मागितलं. मार्टिन देववेना. त्यात लग्नाच्या मेजवानीत यजमानच पाहुण्यांना कापून काढतात, आणि मावशीच्या नातीचं तेव्हा बघायला सुरू होतं. म्हणून जो अबरक्रॉम्बीचं २००६चं ‘द ब्लेड इटसेल्फ’ दिलं. जणू ते सत्यनारायणाच्या पोथीइतकं सात्त्विक!

त्यात ग्लोक्टा नावाचा इसम आहे. एके काळचा देखणा तलवारबाज. शत्रूच्या कैदेत त्याचे इतके हाल झाले, की पाय निकामी. दात असे हिशेबाने उपटलेले, की चावणं म्हणून नाही. आता तो स्वतःच सरकारी नोकरीत राहून लोकांचे हाल करतो. राजकारण, कटकारस्थानं यांना तो भीत नाही. भितो जिन्याला. पायरी दिसली की मनातल्या मनात शिव्या.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही.

आठवड्याने तिचा फोन. “त्या टकल्या जादूगाराची पानं मी भराभर उलटली रे. पण ग्लोक्टा, बिचारा!”

“मावशी, तो माणसांचा छळ करतो.”

“ते त्याचं ऑफिसचं काम. पण दुखऱ्या पायाच्या माणसाला तळमजल्यावर खोली द्यायला काय जातं त्यांचं?”

उरलेले दोन भाग तिने सुनेकडून मागवले. आता सोसायटीत वाचणाऱ्या बायकांना तीच ते सुचवते. ना जादू सांगते, ना रक्तपात.

“गुडघे दुखतात ना? मग घेऊन जा.”