बारा पेन्सांची बाराबंदी

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या संसदेने १३६३ मध्ये कोणी काय ल्यावे याचा कायदा केला. त्या साली तिकडे जन्म घेण्याचा योग आलाच, तर पुढील सूचना पाळाव्यात.

१. शिंप्याला आधी मिळकत सांगावी. छाती-कंबर नंतर.

२. नांगर, गाडी किंवा गुरे हाकत असाल आणि घरात ४० शिलिंगांचाही ऐवज नसेल, तर जाड घोंगडीवजा लोकर किंवा 'रसेट' नावाचे खरखरीत कापड घ्यावे, तेही १२ पेन्स भावाचे. कोणते कापड निवडावे, या काळजीतून सरकारने तुम्हाला सोडवले आहे.

३. कारागीर असाल तर सोने, चांदी, रेशीम वर्ज्य. पत्नीने रेशमी ओढणी मागितल्यास कायद्यावर बोट ठेवावे. नवऱ्यांच्या इतक्या उपयोगाचा कायदा विरळाच. तिला फर हवीच असेल तर कोकरू, ससा, कोल्हा किंवा मांजर यांतून निवडता येईल. इतरांना मांजर आडवे जाते, तुमच्याकडे ते गळ्यात पडेल.

४. व्यापाऱ्याकडे ५०० पौंडांचा ऐवज असेल, तर जमिनीतून वर्षाला १०० पौंड मिळवणाऱ्या 'एस्क्वायर'इतके सजता येते. पैसा गल्ल्यातून आला की त्याचा रंग जरा विटतो.

५. सरदार असून जमिनीचे उत्पन्न ४०० मार्कांवर असेल, तर जवळजवळ मनाला येईल ते घालावे. फक्त अर्मिनच्या पांढऱ्या फरकडे पाहू नये. ती आणखी वरच्यांसाठी आहे.

६. पकडले गेल्यास कपडे राजाकडे जमा होतात. राजा ते वापरतो का, हे विचारू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे काही चौकस माणसे विचारतील. १३४८-४९ च्या प्लेगने गावेच्या गावे ओस पडली. मजूर उरले थोडे, म्हणून मजुरी चढली. १३५१ च्या कायद्याने ती बांधून पाहिली, पण बांधली गेली नाही. मजुराच्या अंगावर मालकासारखा कपडा दिसू लागला आणि रस्त्यात आधी कोणी वाकायचे याचा घोळ झाला. मजुराचे हात बांधता येईनात, तेव्हा बाह्या बांधायचे ठरले.

शेवटची सूचना सर्वांसाठी. शिंपी 'पुढच्या आठवड्यात या' म्हणाला, तर वाद घालू नये. दोन वर्षांच्या आत हा कायदा रद्द झाला.