आजोबांचा हिरवा गाल

भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केलं. त्या जमान्यातला आजोबांचा कृष्णधवल फोटो तिथल्या सेक्टरातल्या एखाद्या मराठी घरात निघतोच, आणि नातवाला तो इंकजेटवर मोठा करून हवा असतो. दुकानदार निर्धास्तपणे ‘ऑटो’ निवडतो. मग प्रिंटर निळी, किरमिजी, पिवळी शाई कालवून करडा रंग शिजवतो आणि आजोबा बल्बखाली गुलाबी, उन्हात हिरवे दिसू लागतात.

उपाय आहे. आधी करडा रंग मुख्यतः काळ्या-करड्या शाईतूनच काढायचा. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापायची, नीट वाळू द्यायची, एकेक पायरी स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायची आणि त्यावरून प्रोफाइल बनवायचं. तेही त्याच प्रिंटरपुरतं, त्याच शाईपुरतं, त्याच कागदापुरतं. कागद बदलला की पुन्हा श्रीगणेशा. एवढं ऐकेपर्यंत दुकानदाराने पुढच्याचे पासपोर्ट फोटो कापायला घेतलेले असतात.

ज्या गावात बनणारा रेल्वेचा रूळ मिलिमीटरच्या अंशापर्यंत तपासतात, त्या गावात आजोबांच्या गालाला मात्र ‘अंदाजे’ चालतं. तक्रार केलीच तर सल्ला तयार: “फ्रेम सुनहरी ले लो भैया, ध्यान नहीं जाएगा.”