कॉइलचा ताप

मूल कण्हायला लागलं की आई त्याच्या कपाळाला हाताची पाठ लावून बघते. जुने वायरमनही संशयास्पद तारेला हाताची पाठच लावायचे. शॉक बसलाच तर स्नायू आखडून हात मागे येतो, मूठ तारेवर आवळली जात नाही. या दोन्ही परंपरांचा संगम माझ्या टेबलावर झाला, कारण माझ्या निक्सी घड्याळातल्या कॉइलला ताप भरला होता.

निक्सी म्हणजे निऑन भरलेली काचेची नळी आणि तिच्यात एकामागे एक उभे केलेले तारेचे आकडे. बरोज कंपनीने त्या १९५५ च्या सुमारास बाजारात आणल्या. माझ्याकडच्या सोव्हिएत बनावटीच्या, आयएन-१४ जातीच्या. उजेड समईच्या जवळचा, पण मान मोठा: पेटायला १७० व्होल्ट लागतात. माझा अडॅप्टर १२ व्होल्टांचा. मधला सगळा घाट कॉइलने चढायचा.

चाळीतला नळ झटकन बंद केला की पाइपात ‘ठक्’ होतं, कारण धावतं पाणी थांबायला तयार नसतं. कॉइलमधला प्रवाह तसाच हट्टी. मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच त्याला आधी धावू देतो आणि मग एकदम वाट अडवतो. चिडलेला प्रवाह १८० व्होल्टांपर्यंत उसळतो आणि डायोडमधून कपॅसिटरमध्ये उडी घेतो. हा तमाशा सेकंदाला चाळीस हजार वेळा.

आणि हे सगळं कशासाठी, तर सहा नळ्यांच्या जेमतेम तीन वॉटसाठी! जुना झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त खायचा. तरी पाच मिनिटांत कॉइलला हात लावून ठेवणं अशक्य व्हायचं. (हात लावायचा तो प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून. १८० व्होल्टांपुढे हाताच्या पाठीचा शहाणपणा चालत नाही.) मी छोटा पंखा बसवला. मॉस्फेटला हीटसिंक लावला, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पंख्याची घरघर घड्याळाच्या शांत उजेडाला अजिबात शोभेना.

शेवटी लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण सुटे भाग घ्यायला लोक लॅमिंग्टन रोडलाच जातात. ‘शंभर मायक्रोहेन्रीची कॉइल द्या,’ म्हटलं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘किती ॲम्पिअरची?’ वाण्याकडे नुसते तांदूळ मागावेत आणि त्याने ‘कोलम की आंबेमोहोर?’ विचारावं, तसा मी गप्प.

घरी येऊन हिशेब मांडला. सरासरी प्रवाह पाव ॲम्पिअर, म्हणून मी अर्ध्या ॲम्पिअरची कॉइल लावून स्वतःला उदार समजत होतो. पण प्रवाह संथ वाहतच नाही. तो दर खेपेला शून्यापासून चढतो आणि शिखरावर सव्वा ॲम्पिअर होतो. कॉइलच्या गाभ्यातल्या बिचाऱ्या फेराइटचं पोट त्याआधीच भरतं. भरलं की तो प्रवाहाला आवरत नाही, प्रवाह बेफाम चढतो आणि बारीक तार भाजून निघते. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, तापलेल्या फेराइटचं पोट आणखी लवकर भरतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

दुसऱ्या खेपेला तीन ॲम्पिअरची, जाड तारेची, सुपारीएवढी कॉइल आणली. पंखा काढला. झाकणाला भोकं पाडली. आता ती कोमट असते, नुकत्याच रिकाम्या केलेल्या चहाच्या कपासारखी.

पण आईला वाटतं, भोकांतून धूळ जाईल. तिने लोकरीचा विणलेला रुमाल घड्याळावर घातलाय, पूर्वी टीव्हीवर असायचा तसा. संध्याकाळी मी तो काढून ठेवतो. सकाळी तो जागच्या जागी, चारही कोपरे सारखे करून.