सोल फूड आणि कोलेस्टेरॉल: नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य

अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक सोल फूडचं, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या पारंपरिक जेवणाचं, उपाहारगृह (अटलांटा, मेम्फिस, माँटगोमेरी, कुठलंही चालेल. शिकागो किंवा हार्लेमही चालेल, कारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली आणि हाताची चव बरोबर घेऊन गेली). रक्ततपासणीचा ताजा अहवाल, एक. सैल पँट, एक. निश्चय, चवीनुसार.

पूर्वतयारी

सकाळपासून उपाशी राहून 'कॅलरी वाचवू' नका. उपाशी माणूस त्या काउंटरसमोर उभा राहिला की वाचवलेलं सगळं पहिल्या पाच मिनिटांत खर्च होतं, वर उधारी होते. अहवाल घरी ठेवा. वाढणाऱ्या बाई तुम्हाला 'हनी' म्हणतील किंवा 'बेबी' म्हणतील. त्या सगळ्यांनाच म्हणतात, तेव्हा हुरळून जाऊ नका. तुम्ही त्यांना 'मॅम' म्हणा. मॅम म्हणणाऱ्याला डाव काठोकाठ भरून वाढला जातो, हा धोका आधीच हिशेबात धरा.

कृती

बोर्डावर 'मीट अँड थ्री' लिहिलेलं असेल. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. नवशिक्याला इथे भरून येतं. चारात तीन भाज्या! डॉक्टर तरी वेगळं काय सांगत होते? मग तो भाज्यांची यादी वाचतो. तिच्यात मॅक अँड चीज असतं. ही छपाईची चूक नाही. दक्षिणेत चीजमध्ये भिजवून भट्टीत भाजलेली मॅकरोनी ही भाजी आहे आणि यावर वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. (अमेरिकेत हा पदार्थ रुजवण्याचं बरंचसं श्रेय जेम्स हेमिंग्जला देतात. हा टॉमस जेफरसनचा गुलाम, पॅरिसमध्ये स्वयंपाक शिकलेला. जेफरसनच्या नावावर तसंही पुष्कळ जमा आहे, एवढं हेमिंग्जच्या खात्यावर राहू द्या.) 'कँडीड यॅम्स' हीसुद्धा भाजीच. म्हणजे लोणी, ब्राऊन शुगर आणि दालचिनीच्या पाकात मुरलेलं रताळं. तिसरी भाजी भेंडी, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली. तळलेल्या चिकनबरोबर या तिन्ही घेतल्या की तुम्ही शास्त्रोक्त तीन भाज्या खाल्ल्यात, आणि घरी फोन करून तसं सांगायलाही हरकत नाही.

ही झाली पद्धत पहिली. आता दुसरी. त्याच यादीत जरा खाली या. कोलार्ड ग्रीन्स, ब्लॅक-आइड पीज, टोमॅटोत शिजवलेली भेंडी. ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली चवळी. आपली म्हणायचं इतकंच, ती मूळची आफ्रिकेची. ज्वारी, बाजरी, नाचणीही तिकडचीच. ही धान्यं आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी व्यापाराच्या वाटेने आली. अमेरिकेत चवळी आणि भेंडी पोचली ती गुलामांच्या जहाजांच्या काळात. दक्षिणेत १ जानेवारीला चवळी-भाताचं 'हॉपिन जॉन' खातात, सोबत कोलार्ड. चवळी म्हणजे नाणी, हिरवी पानं म्हणजे नोटा, वर्षभर पैसा खेळता राहावा म्हणून. कोलेस्टेरॉलबद्दल या प्रथेत काही म्हटलेलं नाही, पण चवळीच्या तंतूंना ते आपोआप कळतं.

कोलार्डपाशी जरा थांबायला हवं. कोबीच्या कुळातली ही रुंद, जाड पानं. पारंपरिक रीत अशी की डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा पाण्यात आधी उकळत ठेवायचा आणि मग त्यात पानं सोडून ती मऊ होईपर्यंत मंद आचेवर रटरटू द्यायची. खाली जे हिरवट, खारट पाणी उरतं त्याला पॉटलिकर म्हणतात. पुरणाच्या डाळीचा कट ओतून देणाऱ्याला आपण जे म्हणू, तेच इथे पॉटलिकर ओतून देणाऱ्याला म्हणतात. पानांतली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम त्यातच उतरलेलं असतं. मीठही उतरलेलं असतं, म्हणून वाटी लहान घ्या. त्यात कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा पाव) बुडवून खायची की चुरून, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. १९३१ मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन' हे दैनिक यांच्यात यावरून जाहीर वाद पेटला होता. लाँग बुडवण्याच्या पक्षाचे, दैनिक चुरण्याच्या. महामंदी ऐन भरात असताना हे चाललं होतं, हे लक्षात ठेवा आणि तुम्हाला हवं तसं खा.

हल्ली बऱ्याच ठिकाणी डुकराऐवजी धुरावलेल्या टर्कीचा पंख घालतात. चव जवळजवळ तीच, चरबी कमी. ही सुधारणा मला मान्य आहे. कोलार्डच्या जागी कच्चा केल आणून वर लिंबू पिळणं मान्य नाही.

शास्त्राधार

'शास्त्र काय म्हणतं?' असं विचारणारा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो, त्याच्यासाठी. अमेरिकेत ३० हजारांवर माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा 'रिगार्ड्स' नावाचा अभ्यास आहे. त्यातून २०१५ साली निघालेला निष्कर्ष असा की 'दक्षिणी' धाटणीचं सर्वांत जास्त खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ५६ टक्क्यांनी अधिक. ऐकून मेहुणा खूश होईल. त्याला पुढची ओळ वाचायला लावा. या धाटणीत संशोधकांनी काय धरलं होतं? तळलेले पदार्थ, वरून घातलेली चरबी, अंडी, कलेजीसारखे अवयव, प्रक्रिया केलेलं मांस आणि साखर घातलेली पेयं. कोलार्ड, चवळी, भेंडी यांची नावं या आरोपपत्रात नाहीत.

असणारही नव्हती. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात मेरीलँडच्या मळ्यावरचा गुलामांचा शिधा नोंदवला आहे. मोठ्या माणसाला महिन्याला ८ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढ्याच मोलाचे मासे, आणि एक बुशेल मक्याचं पीठ. ८ पौंड म्हणजे दिवसाला सव्वाशे ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, तेही दिवसभर शेतात राबणाऱ्याला. मांस होतं ते पानांना चव आणण्यापुरतं. पोट भरायचं मक्याने आणि जिथे परवानगी असे तिथे झोपडीमागच्या वाफ्यातल्या भाजीने. पुढेही तळलेली कोंबडी बऱ्याच घरांत रविवारची, पाद्री जेवायला यायचे त्या दिवशीची. शहरांतल्या उपाहारगृहांनी रविवारचं ताट सातही दिवस मांडलं आणि आपण त्यालाच रोजचं जेवण समजलो. खरी गडबड इथे झाली आहे.

तळलेलं चिकन

खा. एक तुकडा, कातड्यासकट, रविवारी. कातडं काढून खाण्याचा सल्ला देणाऱ्यांनी बेक्ड चिकन मागवावं, तेही यादीत असतं. आणि या ताटाला नावं ठेवण्याआधी जॉर्जिया गिलमोर आठवा. १९५५-५६ मध्ये माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर ३८१ दिवस बहिष्कार टाकला, तेव्हा या बाई आणि त्यांच्या मैत्रिणी चिकन सँडविच, केक आणि पाय विकून चळवळीला पैसा पुरवत होत्या. पैसे कुठून आले, असं कुणी विचारलं तर उत्तर 'कुठूनच नाही', म्हणून मंडळाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'.

पेय

सगळ्यात मोठा सापळा ताटात नाही, ग्लासात आहे. स्वीट टी. चहा गरम असतानाच साखर विरघळवून मग थंड करतात, म्हणून ती अमाप मावते, आणि ग्लास अर्धा झाला की न विचारता पुन्हा भरला जातो. 'अनस्वीट' मागा. एकदम जमत नसेल तर 'हाफ अँड हाफ', म्हणजे निम्मा गोड, निम्मा बिनसाखरेचा. सगळ्या कृतीतला सर्वांत कमी कष्टाचा आणि सर्वांत गुणाचा बदल हाच.

पर्यायी कृती

सोल फूड सुधारण्याचा उत्साह नवा नाही. 'नेशन ऑफ इस्लाम' या कृष्णवर्णीय मुस्लिम संघटनेचे नेते एलायजा मुहम्मद यांनी १९६७ च्या आपल्या आहारविषयक पुस्तकात डुकराबरोबर कोलार्ड, चवळी, रताळं आणि कॉर्नब्रेडलाही हद्दपार केलं, आणि नेव्ही बीन्स या पांढऱ्या घेवड्याला मात्र डोक्यावर घेतलं. त्यातून पुढे बीन पाय लोकप्रिय झाला. आरोग्यासाठी निघालेली वाट गोड पदार्थापाशी पोचली, हे नवशिक्यांना दिलासा देणारं आहे. ब्रायंट टेरी यांनी २००९ मध्ये 'व्हीगन सोल किचन' लिहून अधिक शहाणपणाने काम केलं. त्यांनी भाज्यांना हद्दपार न करता मांस आणि इतर प्राणिज पदार्थ काढले.

टिपा

शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेबल प्लेट' या शब्दांवर विसंबू नका. कोलार्डमध्ये काय घातलंय, चवळीत काय घातलंय, कॉर्नब्रेडच्या तव्याला काय लावलंय, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असाल तर कोलार्डचा एकदम धडाका लावू नका. त्यात 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं, डॉक्टरांशी आधी बोला.

चव घेण्याआधी मीठ किंवा हॉट सॉस ओतू नका. न्यू ऑर्लिन्सच्या प्रसिद्ध स्वयंपाकी लीआ चेस यांनी आपल्या गंबो नावाच्या रश्श्यात हॉट सॉस घालणाऱ्या बराक ओबामांनाही तोंडावर सुनावलं होतं. तुमची गय होणार नाही.

पीच कॉब्लर दोघांत एक मागवा. एकटे गेला असाल तर पुढच्या रविवारी कुणाला तरी बरोबर न्या, आणि चर्च सुटायच्या आधी पोचा. नंतर रांग लागते.